सगळ्यात जास्त फोन कोण करतं

कर्जाच्या सल्ल्यासाठी आलेला माणूस समोर बसला की तो सगळ्यात आधी कुठल्या देण्याचं नाव काढतो, याकडे माझं लक्ष असतं. इंग्लंडमधल्या एका मोफत सल्ला केंद्रात मी गेली काही वर्षं आठवड्यातली एक सकाळ स्वयंसेवक म्हणून बसते. माणसाच्या डोक्यावर पाच-सहा देणी असतात, पेडे लोन त्यातलं बहुधा सगळ्यात लहान असतं, आणि बोलणं सुरू होतं ते त्याच्यापासूनच. घरभाडं थकलेलं असतं. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या स्थानिक कराचं, स्मरणपत्र येऊन पडलेलं असतं. वीज कंपनीची पाकिटं न फोडता पिशवीच्या तळाशी गेलेली असतात. पण झोप उडवलेली असते ती तीनशे पाउंडांच्या सावकाराने, कारण फोन तो करतो. सकाळी करतो, जेवणाच्या सुट्टीत करतो, मध्येच मेसेज पाठवतो, ईमेल पाठवतो, आणि दर वेळी भाषा थोडी चढत जाते.

घरमालक पत्र पाठवतो. कौन्सिलही पत्रच पाठवते. त्यांच्यापैकी कोणी ओरडत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण माणसांच्या ज्ञानाबद्दल वापरतो. वसुलीच्या धंद्याला ती त्याहून चपखल बसते, असं मला इथे बसून बसून वाटायला लागलं आहे.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेडे लोन म्हणजे पगार होईपर्यंत निभावून नेण्यासाठी घेतलेलं कर्ज. रक्कम लहान, मुदत काही आठवड्यांची, अर्ज मोबाइलवरून काही मिनिटांत, आणि जुन्या पद्धतीत परतफेड एकरकमी, पगाराच्या दिवशी. खरी गोम त्या एकरकमीत आहे. ज्याला या महिन्यात दोनशे पाउंड कमी पडले, त्याच्याकडे पुढच्या महिन्यात व्याजासकट २४८ पाउंड जास्तीचे कुठून येणार? पगारातून ते कापले जातात, महिना आणखी आखूड होतो, आणि पंधरवड्यात तोच माणूस पुन्हा त्याच दारात उभा राहतो. पहिलं कर्ज गाडी दुरुस्त करायला घेतलेलं असतं. त्यानंतरची सगळी पहिल्या कर्जासाठी असतात. लोकांनी काटकसर करावी, हौसमौज आवरावी असं सांगणारे भेटले की मी त्यांना हा एवढाच हिशेब मांडून दाखवते. बाकी वाद घालत नाही.

वरचे २४८ हे आजच्या कायद्यातले जास्तीत जास्त. पूर्वी याला धरबंध नव्हता. वोंगा नावाची कंपनी इथे २००७ च्या सुमारास सुरू झाली आणि पाच-सहा वर्षांत घराघरांत पोचली. टीव्हीवर तिच्या जाहिरातीत म्हातारी बाहुली-माणसं गोडगोड बोलायची, न्यूकॅसल युनायटेडच्या खेळाडूंच्या छातीवर तिचं नाव होतं, आणि जाहिरातीतला वार्षिक व्याजदर होता ५,८५३ टक्के. हा आकडा तेव्हा लपवलेला नव्हता, छापलेला असायचा. तो इतका अवाढव्य आहे की माणूस तो वाचतच नाही. सोळा टक्के लिहिलं असतं तर कदाचित थबकला असता.

२०१३ च्या जुलैत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी जाहीर केलं की चर्च सहकारी पतसंस्थांना बळ देईल आणि वोंगाला स्पर्धेतून संपवेल. दुसऱ्याच दिवशी बातमी आली की खुद्द चर्च ऑफ इंग्लंडचे सुमारे ७५,००० पाउंड एका गुंतवणूक निधीमार्फत वोंगातच गुंतलेले आहेत. बिचाऱ्यांनी ओशाळल्याचं मोकळेपणाने कबूल केलं. मला हा प्रसंग आवडतो, कारण या धंद्यातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्याने एका फटक्यात दाखवलं.

मग २ जानेवारी २०१५ पासून इथल्या नियामकाने, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने, या कर्जांवर तीन लगाम घातले. व्याज आणि शुल्क मिळून दिवसाला ०.८ टक्क्यांहून जास्त नाही. हप्ता चुकला तर दंड एकूण १५ पाउंडांच्या वर नाही. आणि सगळं धरून, व्याज-दंड-शुल्क सगळं, मूळ रकमेहून जास्त कधीच नाही. दोनशे घेतले तर काहीही झालं तरी चारशेच्या वर मागता येत नाही. हा तिसरा नियम वाचला तेव्हा मला हसू आलं. आपल्या जुन्या हिंदू कायद्यातली दामदुपट ती हीच: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या पुढे जाता कामा नये. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या न्यायालयांनीसुद्धा ती मानली होती. इंग्लंडने व्याजाला मर्यादा घालणारे स्वतःचे जुने कायदे मात्र १८५४ मध्ये रद्द करून टाकले होते.

या लगामांमुळे गरजू लोक गल्लीतल्या बेकायदा सावकारांकडे जातील, अशी ओरड कंपन्यांनी तेव्हा केली होती. नियामकाने २०१७ मध्ये आढावा घेतला, त्यात तसं घडल्याचा पुरावा सापडला नाही. उलट सुमारे ७ लाख ६० हजार कर्जदारांचे मिळून वर्षाला १५ कोटी पाउंड वाचत असल्याचं निघालं.

आता गंमत अशी की हा नियम ज्यांच्यासाठी केला, त्यांनाच तो माहीत नसतो. समोरचा माणूस सांगतो, रोज वाढतंय हो, रोज. त्याच्या डोळ्यांसमोर एक मीटर आहे आणि तो अखंड पळतो आहे. मी कागदावर मूळ रक्कम लिहिते, तिच्याखाली तीच रक्कम पुन्हा लिहिते, बेरीज करते आणि खाली रेघ मारते. दिवसाला ०.८ टक्के म्हणजे सव्वाशे दिवसांत शंभर टक्के होतात, दंड लागला असेल तर थोडं आधीच. त्यानंतर हे देणं वाढत नाही. एका गृहस्थांनी ती रेघ पाहून मला तीनदा विचारलं, म्हणजे हे थांबतं? थांबतं. सावकाराच्या रोजच्या मेसेजमध्ये ही एक गोष्ट ठळकपणे कधी नसते.

फट एकच आहे, आणि ती मोठी आहे. मर्यादा एका कर्जाला असते. पहिलं फेडायला दुसऱ्या कंपनीकडून घेतलं की तिथे मीटर पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि या वेळी मुद्दलात आधीचं व्याजही मिसळलेलं असतं. म्हणून फेडता येत नसेल तेव्हा थकलेलं कर्ज थकलेलं राहू देणं हे नव्या कर्जाने ते फेडण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतं. हे वाक्य सज्जन माणसाला फार जड जातं. कुणाचे पैसे बुडवू नयेत असं ज्याला लहानपणापासून शिकवलंय, त्याला थकवण्यातला शहाणपणा पटवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कठीण काम आहे. त्याला वाटतं मी त्याला काहीतरी गैर शिकवते आहे.

सावकाराच्या हातात खरी ताकद कुठली असते? एकच, आणि ती आवाज करत नाही. कर्ज घेताना आपण डेबिट कार्डाचे आकडे देतो, तेव्हाच त्या कार्डावरून हवे तेव्हा पैसे ओढून घेण्याची परवानगीही देऊन टाकतो. तिला इथे कंटिन्युअस पेमेंट ऑथॉरिटी म्हणतात. पगार मध्यरात्रीनंतर खात्यात जमा होतो आणि माणूस पहाटे उठायच्या आत त्यातला सावकाराचा भाग निघून गेलेला असतो. पूर्वी तर पूर्ण रक्कम मिळाली नाही तर निम्मी, निम्मी नाही तर पाव, अशी दिवसभर खात्यात बोटं घालून पाहिली जायची. जुलै २०१४ पासून त्याला चाप बसला: असे दोन प्रयत्न फसले की सावकाराने थांबायचं, आणि तुकड्या-तुकड्याने काढायचं नाही.

ही परवानगी रद्द करण्याचा हक्क आपला असतो. बँकेला सांगायचं, शक्य तर लेखी, आणि सावकारालाही कळवायचं. बँकेतला माणूस कधीकधी म्हणतो, आधी कंपनीला विचारून या. ते चूक आहे. बँकेने ऐकलंच पाहिजे, आणि सांगूनही पैसे गेले तर बँकेनेच ते परत द्यायला हवेत. थकबाकी असेल त्याच बँकेत पगार येत असेल, ओव्हरड्राफ्टही तिथलाच असेल, तर दुसऱ्याच एखाद्या बँकेत साधं खातं उघडून पगार तिकडे वळवणं बरं.

आणि हे केलं, की फोन सुरू होतात. क्रम नीट पाहा. जोवर सावकाराचा हात खात्यात होता तोवर तो शांत होता, नम्र होता, वाढदिवसाला ईमेलसुद्धा पाठवत होता. हात बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे उरला तो आवाज. त्या आवाजाने घाबरून माणूस पुन्हा कार्डाचे आकडे देतो. फोनवरची सगळी कसरत त्या सोळा आकड्यांसाठी असते.

वोंगाने तर आवाज उसना आणला होता. थकलेल्या ग्राहकांना चेनी, डमाटो अँड शॅनन, तसंच बार्कर अँड लो लीगल रिकव्हरीज या नावांनी वकिली पत्रं जायची. अशा वकिलांच्या कंपन्या अस्तित्वातच नव्हत्या; पत्रं वोंगाच पाठवत होती, आणि काहींना वर त्या पत्रांचा खर्चही लावला होता. २०१४ मध्ये हे बाहेर आलं आणि सुमारे ४५,००० ग्राहकांना मिळून २६ लाख पाउंडांची भरपाई द्यायचं तिने मान्य केलं. ज्याच्याकडे खरा वकील वापरण्यासारखी बाजू असते, तो खोटा कशाला तयार करील?

एकदा केंद्रात एक मराठी मुलगा आला. वृद्धांच्या केअर होममध्ये रात्रपाळी करणारा, व्हिसावर आलेला. माझं आडनाव पाहून आधी इंग्रजीतच बोलला, मग हळूच विचारलं, "तुम्ही मराठी का?" आणि त्यानंतर इंग्रजी संपलंच. "काकू, खरं सांगा, पोलीस येतील का?" सावकाराच्या मेसेजमध्ये 'कायदेशीर कारवाई' असे शब्द होते आणि त्याने ते पोलीस असे वाचले होते. घरी त्याने काही सांगितलं नव्हतं. आईला कळलं तर ती मंगळसूत्र मोडेल, म्हणाला.

पोलीस येत नाहीत. कर्ज थकणं हा इथे गुन्हा नाही. साध्या कर्जासाठी कैद देण्याची पद्धत इंग्लंडने १८६९ च्या डेटर्स अॅक्टने जवळजवळ संपवली. त्याआधी लंडनच्या मार्शलसीसारख्या तुरुंगांत माणसं चार-दोन पाउंडांसाठी वर्षानुवर्षं अडकून पडत. आज कंपनीने पाठवलेला वसुलीवाला दाराशी आला तर त्याला आत येण्याचा, वस्तूंना हात लावण्याचा अधिकार नाही. दार न उघडता जा म्हणता येतं. कोर्टाचा आदेश घेऊन येणारा बेलिफ वेगळा, आणि तो फार पुढच्या पायरीवर येतो. व्हिसाचं विचाराल, तर खासगी कंपनीचं कर्ज थकलं एवढ्यावरून व्हिसा जात नाही. सरकारी दवाखान्याचं, म्हणजे एनएचएसचं, ५०० पाउंडांचं किंवा त्याहून मोठं बिल थकलं असेल तर मात्र ते पुढच्या अर्जात आड येऊ शकतं. त्या मुलाने दवाखान्याचा विषय काढलाच नव्हता. मी विचारलं. तसं बिल नव्हतं, सुदैवाने.

इथेच तो उलटा न्याय दिसतो. आमच्याकडे देणी दोन ढिगांत लावतात. एका ढिगात, न भरल्यास घर, वीज, गॅस किंवा स्वातंत्र्य जाऊ शकतं अशी: घरभाडं, घराचं कर्ज, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, कोर्टाचे दंड. दुसऱ्यात बाकी सगळी: क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट, कॅटलॉगवरून घेतलेले कपडे, पेडे लोन. कौन्सिल टॅक्सचा एक हप्ता चुकला तर एक साधं स्मरणपत्र येतं. त्याकडे दुर्लक्ष झालं तर हप्त्यांची सवलत जाऊन वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागता येते. मग मॅजिस्ट्रेटचा आदेश, मग बेलिफ, आणि जाणूनबुजून भरलं नाही असं ठरलं तर इंग्लंडमध्ये आजही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वेल्सने ती २०१९ मध्ये काढून टाकली. पेडे कंपनी दिवसातून चार फोन करून जे करू शकत नाही, ते कौन्सिल दोन कागदांत करू शकते. आणि लोक कौन्सिलचे पैसे काढून पेडेवाल्याला देतात! दर आठवड्याला पाहते. फोन बंद व्हावा म्हणून.

म्हणून पहिली सकाळ सगळी पिशवी टेबलावर ओतण्यात जाते. पाकिटं फोडायची, दोन ढीग लावायचे. हे काम घरी एकट्याने होत नाही, असं माझं निरीक्षण आहे. पाकीट फोडताना शेजारी कोणीतरी बसलेलं लागतं. ते कोणी जाणकारच असलं पाहिजे असं नाही.

मग तक्ता. जमा किती, खर्च किती. बहुतेक सल्ला संस्था यासाठी स्टँडर्ड फायनान्शियल स्टेटमेंट नावाचा एकच नमुना वापरतात आणि सावकार तो मानतात. लोक हा तक्ता भरताना खोटं बोलतात, पण उलट्या दिशेने. स्वतःचा खर्च कमी दाखवतात. केस कापायचे पैसे लिहीत नाहीत, मुलांच्या सहलीचे लिहीत नाहीत, बुटांचे लिहीत नाहीत, जणू कर्जदाराने केस वाढवून अनवाणी हिंडायचं असतं. मग कागदावर महिन्याला १२० पाउंड शिल्लक दिसतात, तेवढे भरायचं वचन दिलं जातं, आणि दुसऱ्या महिन्यात ते मोडतं. मोडलेलं वचन हे न दिलेल्या वचनापेक्षा वाईट. त्या नमुन्यात केस कापण्यासाठी जागा आहे. थोड्या बचतीसाठीसुद्धा आहे. मी हट्टाने ती भरायला लावते.

समजा सगळं धरून ३० पाउंड उरले आणि दुसऱ्या ढिगात तीन सावकार आहेत, ६००, ३०० आणि १०० पाउंडांचे. तर वाटणी १८, ९ आणि ३ अशी, ज्याच्या त्याच्या देण्याच्या प्रमाणात. शंभरवाला आरडाओरडा करेल की तीन पाउंड म्हणजे थट्टा आहे. करू दे. त्याला जास्त दिलं तर ते बाकीच्या दोघांच्या ताटातून काढलेलं असतं. काहीच उरत नसेल तर महिन्याला एक पाउंड देऊ करण्याचीही इथे रीत आहे. एक पाउंड! मला सुरुवातीला तो अपमान वाटायचा, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. आता वाटत नाही. त्या पाउंडाने सावकाराच्या नोंदीत हा माणूस पळालेला नाही एवढं लिहिलं जातं.

हे सगळं कळवायचं लेखी. फोनवर नाही. फोनवर बोलणाऱ्याच्या समोर पडद्यावर लिहिलेले प्रश्न असतात आणि त्यातला मुख्य प्रश्न असतो, आज किती भरू शकता? आज. उद्याचं बोलायला तो तयार नसतो. तुम्ही काही बोलला नाहीत तर तोही गप्प बसतो, कारण ती शांतता असह्य होऊन माणूस आकडा बोलून मोकळा होतो. पत्रात ही शांतता नसते. पत्र चार ओळींचं पुरतं: माझी परिस्थिती अशी आहे, तक्ता सोबत आहे, महिन्याला इतके देऊ शकते, व्याज आणि शुल्क थांबवावं, यापुढे लेखीच संपर्क साधावा. रडगाणं नको, शिव्या नकोत. अडचणीत आलेल्या ग्राहकाशी सबुरीने वागणं आणि त्याला मोफत सल्ल्याची वाट दाखवणं हे नियमाने कंपन्यांवर बंधनकारक आहे. ते त्या पाळतात का? मोठ्या कंपन्या लेखी कागद समोर आला की बहुतेक पाळतात. पत्राची प्रत ठेवावी.

त्या फोनवाल्यांबद्दल मला राग कमी आहे, हेही इथेच सांगते. त्यातली एक मुलगी नोकरी सोडून आमच्याकडे आली होती. सल्ला द्यायला नाही, घ्यायला. तिच्याही डोक्यावर दोन पेडे लोन होती.

एवढं सगळं सांगून झालं, तरी एका पाकिटाची भीती बाळगावीच लागते. देणं फिरत फिरत थकबाकी विकत घेणाऱ्या कंपनीकडे जातं, आणि तिने दावा करायचं ठरवलं तर आधी एक पत्र येतं, लेटर ऑफ क्लेम. त्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, उत्तराचा छापील फॉर्म सोबतच असतो. त्यानंतर येतं ते काउंटी कोर्टाचं. तिथे मुदत साधारण १४ दिवसांची, पोच दिली तर २८. गप्प राहिलात तर तुमची बाजू न ऐकताच कोर्टाचा निकाल लागतो, आणि एका महिन्याच्या आत सगळी रक्कम भरली नाही तर त्याची नोंद सहा वर्षं राहते. या पाकिटावर लाल शाई नसते, उद्गारचिन्ह नसतं. चाळीस धमक्यांचे मेसेज वाचून थकलेला माणूस नेमकं हेच पाकीट फोडत नाही. उत्तर दिलं असतं तर कोर्टानेच झेपेल असा हप्ता बांधून दिला असता. धमक्यांचा खरा तोटा मला हा वाटतो, की खरा कागद ओळखण्याची नजरच त्या मारून टाकतात.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगते, कारण त्या सल्लागारामार्फतच चालायच्या असतात. ४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ब्रीदिंग स्पेस आहे: नाव नोंदलं की ६० दिवस बहुतेक देण्यांवरचं व्याज, शुल्क आणि वसुली थांबते, फोनही थांबतात, चालू भाडं-बिलं मात्र भरत राहावी लागतात. ज्याच्याकडे काहीच नाही आणि काही उरणारही नाही, त्याच्यासाठी डेट रिलीफ ऑर्डर, म्हणजे देणी माफ होण्याचा आदेश, आहे. एप्रिल २०२४ पासून तिचं शुल्कही गेलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये देण्यांची मर्यादा ५०,००० पाउंडांवर नेली. आणि कंपनीने परिस्थिती न तपासता कर्जामागून कर्ज दिलं असेल तर तक्रार करता येते. कंपनीला आठ आठवडे, मग फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था, फुकट. अशा तक्रारींचा इतका ढीग झाला की वोंगा ऑगस्ट २०१८ मध्ये कोसळली. ज्यांची भरपाई मान्य झाली त्यांना शेवटी दर पाउंडामागे मिळाले चार पेन्स आणि वर थोडं, म्हणजे ४.३ टक्के. तक्रार करायची तर कंपनी उभी असताना करावी.

सल्ला मोफतच घ्यावा. सिटिझन्स अॅडव्हाइस, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन पैसे घेत नाहीत. कर्ज सोडवून देतो म्हणून महिन्याला शुल्क मागणारा माणूस म्हणजे आणखी एक सावकार.

या सगळ्या नियमाला अपवाद ठरलेला एक फोन मला आठवतो. एका बसचालकांना जुन्या पेडे लोनबद्दल फोन आला. शेवटचा हप्ता भरून पाच वर्षं आणि काही महिने झाले होते. मधल्या काळात कर्ज दोनदा विकलं गेलं होतं. फोनवरची बाई अतिशय गोड. काही घाई नाही, म्हणाली, सध्या फक्त एक पाउंड भरा, खातं चालू राहील, बाकीचं सावकाश बघू. त्यांना ती इतक्या वर्षांत भेटलेली पहिली माणुसकी वाटली आणि ते कार्ड काढायला उठले, तेवढ्यात बसची वेळ झाली म्हणून राहिलं.

इंग्लंड-वेल्समध्ये साध्या कर्जासाठी कोर्टात जायची मुदत सहा वर्षांची आहे, १९८० च्या लिमिटेशन अॅक्टप्रमाणे; स्कॉटलंडमध्ये पाच. मुदत संपायच्या आत एक पाउंड जरी भरला, किंवा देणं लेखी कबूल केलं, तर सहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. तो गोड पाउंड त्यासाठी होता.

मी त्यांना हे समजावून सांगितलं. काही महिने काहीच केलं नाही, भरलं नाही, लिहिलं नाही, आणि मध्ये कोर्टाचा कागद आला नाही, तर कंपनीला कोर्टात जाता येणार नाही. कोर्टाचा कागद आलाच तर लगेच इथे या. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पण पैसे तर मी घेतलेच होते ना?"

घेतले होते. त्यावर माझ्याकडे कायद्यातलं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "तुमच्याकडून मूळ सावकाराला व्याजापोटी किती गेले ते आधी काढू या." काढले. मुद्दलाच्या दीडपट गेले होते, मर्यादा येण्याआधीचं कर्ज होतं ते. ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले की आपण मुद्दल तेवढं देऊ, पण त्या बाईच्या कार्डमशीनवर नाही. मी माझं मत पुन्हा सांगितलं: देऊ नका. त्यांनी ऐकलं नाही. मग आम्ही कंपनीला लिहिलं की उरलेलं मुद्दल एकरकमी घ्या, बाकी सोडल्याचं आधी लेखी कळवा, तोवर एक पेनीही नाही. कंपनीने आढेवेढे घेतले, दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. पत्र आल्यावर बँकेतून पैसे पाठवले.